जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत स्पीकरच नसेल तर: नवा बसवूनही पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडाचे निवारण

जुना व्हॉल्व्ह रेडिओ हाती येतो तेव्हा कॅबिनेट, डायल आणि बहुतेक व्हॉल्व्ह जागेवर असतात, पण मागून आत डोकावले की बॅफलवर (स्पीकर बसवायच्या फळीवर) चार रिकामे स्क्रू आणि चॅसीतून (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यातून) लोंबणाऱ्या कापलेल्या तारा दिसतात. स्पीकर कोणीतरी केव्हाच काढून नेलेला असतो. अशा संचाला आजचा एखादा स्पीकर जोडला की पुढील तीनपैकी एक प्रकार ठरलेला असतो. एक, आवाजाचा मागमूसही नसतो. दोन, स्टेशन लागते, पण व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी जाड हमिंग चालूच राहते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. रेडिओ काही काळ उत्तम वाजतो, मग स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते किंवा फिल्टरचा कपॅसिटर फुटतो. तो भाग बदलला की संच पुन्हा चालतो आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा बिघडतो. बदललेला सुटा भाग वाईट निघाला असे समजून तो पुन्हा बदलला जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

ते कारण असे की, स्पीकर नाहीसा झाला तेव्हा एकटा स्पीकर गेलेला नसतो. त्याच्या पाठीवर बसवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या चुंबकाला बळ देणारी फील्ड कॉइल हेही बहुधा सोबत गेलेले असतात. फील्ड कॉइल ही त्या रेडिओच्या वीजपुरवठ्याचा चोक (डीसीतली लहर दाबणारी कॉइल) असते आणि कित्येक संचांत आउटपुट व्हॉल्व्हचे ग्रिड बायसही, म्हणजे तिचा प्रवाह आवरणारे ऋण व्होल्टेजही, तिच्यातूनच मिळते. म्हणून स्पीकर निवडण्याआधी, जुना स्पीकर सर्किटमध्ये कोणकोणती कामे करीत होता हे ठरवावे लागते.

अशी रचना होण्यामागे सरळ व्यवहार होता. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मूव्हिंग कॉइल स्पीकरची जी रचना मांडली, तिला बळकट चुंबकीय क्षेत्राची गरज होती आणि त्या काळचे कायमस्वरूपी चुंबक त्यासाठी दुबळे, अवजड किंवा महाग होते. त्यामुळे लोखंडी गाभ्याभोवती हजारो वेढ्यांची कॉइल गुंडाळून तिच्यातून डीसी प्रवाह सोडला जाई. दुसरीकडे, रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतरचा, खडबडीत डीसी गुळगुळीत करण्यासाठी तशीच एक लोखंडी गाभ्याची कॉइल लागतच होती. दोन्ही कामे एकाच कॉइलवर सोपवली की एका भागाचा खर्च वाचतो आणि चुंबकासाठी वेगळा पुरवठाही लागत नाही. तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा चुंबकीय मिश्रधातू शोधला आणि पुढे अल्निको चुंबक आले; त्यानंतर ही पद्धत हळूहळू मागे पडली. म्हणून १९३० च्या दशकातला विजेवर चालणारा रेडिओ असेल तर फील्ड कॉइल गृहीतच धरावी. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातला असेल तर तिची शक्यता बरीच कमी असते, पण तपासणी टाळू नये.

कामाला लागण्यापूर्वी

या संचांत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. स्पीकर किंवा फील्ड कॉइल नसलेल्या संचात हा धोका वाढतो, कारण साठलेल्या विद्युतभाराचा निचरा होण्याचा नेहमीचा मार्गच तुटलेला असतो. प्लग काढल्यावर साधारण ५ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारेने प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर काही सेकंद धरावा आणि मीटरने शून्य व्होल्ट दिसल्यावरच हात घालावा. पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचात चॅसी थेट मेन्सला जोडलेली असू शकते. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काम करूच नये.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. स्पीकर नसलेला रेडिओ 'निदान व्हॉल्व्ह तरी पेटतात का पाहू' म्हणून चालू करण्याचा मोह होतो. फील्ड कॉइलची वाट तुटलेली असेल तर रेक्टिफायरवर कोणताही भार राहत नाही आणि पहिल्या कपॅसिटरवर पूर्ण शिखर व्होल्टेज चढते. पॉवर ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग दर बाजूला ३५० व्होल्टचे असेल तर ते ४९५ व्होल्टपर्यंत जाते आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर तेवढ्यानेच निकामी होतो. याउलट एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च व्होल्टेजचा डीसी) पोहोचत आहे पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी नाही, अशी स्थिती असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटला व्होल्टेजच मिळत नाही. सगळा प्रवाह स्क्रीन ग्रिड ओढून घेते आणि लाल होऊन काही मिनिटांत व्हॉल्व्ह वाया जाते. व्हॉल्व्ह पेटतात का एवढेच पाहायचे असेल तर रेक्टिफायर काढून ठेवून पाहावे.

काय काय गेले आहे, हे ओळखणे

सर्किट आकृती मिळाली तर निम्मे काम संपते, कारण तिच्यात फील्ड कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा लिहिलेला असतो. आकृती नसेल तर चॅसी उलटी करून रेक्टिफायरपासून सुरुवात करावी. ८० किंवा ५वाय३ या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या फिलामेंटपासून निघणारी तार पहिल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या धन टोकाला जाते. तिथून दुसऱ्या कपॅसिटरकडे जाताना चॅसीवरच एखादा चोक किंवा जाड रेझिस्टर दिसला, तर मूळ स्पीकर कायम चुंबकाचा असण्याची शक्यता अधिक असते आणि काम पुष्कळ सोपे होते. दोन्ही कपॅसिटरांच्या तारा स्पीकरच्या सॉकेटच्या दोन वेगळ्या पिनांवर जाऊन थांबल्या असतील आणि मध्ये काहीच नसेल, तर त्या दोन पिनांमध्ये फील्ड कॉइल होती असे समजावे.

आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटची तार कुठे जाते हे नंतर पाहावे. ती चॅसीवरच्या ट्रान्सफॉर्मरला जात असेल तर ट्रान्सफॉर्मर वाचला आहे. त्याच्या प्रायमरीचा डीसी रेझिस्टन्स साधारण २०० ते ६०० ओहम आणि सेकंडरीचा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसतो. प्लेटची तार थेट स्पीकर सॉकेटच्या पिनेवर गेली असेल तर ट्रान्सफॉर्मर स्पीकरबरोबर गेला. दोन आउटपुट व्हॉल्व्ह असून त्यांच्या प्लेट दोन वेगळ्या पिनांवर येत असतील तर जोडणी पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आलटून-पालटून काम करणारी) आहे आणि मधल्या टॅपचा, म्हणजे वेढ्यांच्या मध्यातून तार काढलेला, ट्रान्सफॉर्मर लागेल. काही संचांत याच सॉकेटच्या दोन पिना प्लगच्या आत केवळ एका तुकड्याने जोडलेल्या असत आणि प्लग काढला की मेन्स किंवा एचटी तुटत असे. असा तुकडा नव्या प्लगमध्ये घालायचा राहून गेला तर रेडिओ मृत वाटतो आणि दोष मात्र स्पीकरला दिला जातो.

ज्या रचनेत सर्वांत जास्त लोक अडकतात ती येथे स्वतंत्रपणे पाहावी लागते. काही संचांत फील्ड कॉइल धन बाजूला नसून ऋण बाजूला असते, म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगचा मधला टॅप थेट चॅसीला न जाता फील्ड कॉइलमधून जातो. त्यामुळे त्या टॅपवर चॅसीच्या तुलनेत ऋण व्होल्टेज निर्माण होते आणि त्याचा एक हिस्सा आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला बायस म्हणून दिला जातो. एकूण १,८०० ओहमची आणि ३०० ओहमवर टॅप असलेली फील्ड कॉइल हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. संचाचा एकूण प्रवाह ५५ मिलिअँपिअर धरला तर ३०० ओहमच्या भागावर १६.५ व्होल्ट पडतात आणि २५० व्होल्टवर चालणाऱ्या ४७ या पेंटोडला नेमके तेवढेच बायस हवे असते. फील्ड कॉइल गेल्यावर मधला टॅप सरळ चॅसीला जोडून दिला की एचटी मिळते, आवाजही येतो, पण बायस शून्य होते. काही काळ उत्तम वाजून मग प्लेट लाल होण्याचा जो प्रकार सुरुवातीला सांगितला, त्याच्या मुळाशी बहुधा हेच असते. याच रचनेत पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक चॅसीला नसून मधल्या टॅपला जोडलेले असते. नवा कपॅसिटर घालताना ते सवयीने चॅसीला जोडले तर हमिंग कोणत्याही उपायाने जात नाही.

फील्ड कॉइलचे मूल्य काढणे

आकृती नसतानाही हे मूल्य कामापुरते काढता येते. संचातील व्हॉल्व्हची यादी करून प्रत्येकीचा प्लेट आणि स्क्रीन प्रवाह व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकातून घ्यावा. समजा ६ए८, ६के७, ६क्यू७, ६एफ६ आणि ५वाय३ असा नेहमीचा पाच व्हॉल्व्हचा सुपरहेटेरोडाइन संच आहे. ६एफ६ साधारण ४० मिलिअँपिअर घेते, ६के७ नऊच्या आसपास, ६ए८ दहा आणि ६क्यू७ जेमतेम एक, म्हणजे एकूण ६० मिलिअँपिअर. एचटी वाइंडिंग दर बाजूला ३२० व्होल्टचे असेल तर या प्रवाहावर पहिल्या कपॅसिटरवर सुमारे ३५० व्होल्ट मिळतील. ६एफ६ ला प्लेट आणि कॅथोड यांच्यामध्ये २५० व्होल्ट हवेत, कॅथोडवर १६.५ व्होल्ट राहतात, म्हणजे दुसऱ्या कपॅसिटरवर सुमारे २६५ व्होल्ट असावेत. उरलेले ८५ व्होल्ट फील्ड कॉइलवर पडत असणार. ८५ व्होल्टला ०.०६ अँपिअरने भागले की साधारण १,४०० ओहम येतात आणि उष्णता ५ वॅटच्या थोडी वर जाते. हा आकडा पहिल्या प्रयत्नासाठी घ्यावा आणि प्रत्यक्ष व्होल्टेज मोजून शंभर-दोनशे ओहम इकडेतिकडे करावेत.

पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचात मात्र हे गणित चालत नाही. तिथे एचटी मुळातच कमी असते आणि फील्ड कॉइल एक तर ४५० ओहमच्या आसपासची मालिकेत असते किंवा २,५०० ते ३,००० ओहमची असून एचटी आणि ऋण टोक यांच्यामध्ये समांतर जोडलेली असते. २५झेड५ सारख्या दोन कॅथोडच्या रेक्टिफायरचे एक कॅथोड कधी कधी केवळ फील्ड कॉइलसाठीच राखलेले असते. तसे असेल तर तिच्या जागी काहीही घालण्याची गरज नाही.

तिच्या जागी काय घालावे

तेवढ्याच रेझिस्टन्सचा फील्ड कॉइल स्पीकर दुसऱ्या मोडक्या संचातून मिळाला तर त्यासारखे काहीच नाही. रेझिस्टन्स मूळ मूल्याच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावा. २,५०० ओहमचा स्पीकर वरच्या संचात घातला तर ६० मिलिअँपिअरवर १५० व्होल्ट त्याच्यातच पडतील आणि रेडिओ मरगळलेला राहील. ५०० ओहमचा घातला तर एचटी वर जाईल आणि स्पीकरचे चुंबक मात्र दुबळे राहील, कारण तेवढ्या प्रवाहात जेमतेम २ वॅट त्याच्या वाट्याला येतील. कागदी कोन फाटलेला पण फील्ड कॉइल शाबूत असलेला स्पीकर मिळाला तरी तो टाकू नये. तो कॅबिनेटच्या तळाशी पक्का बसवून केवळ चोक म्हणून वापरता येतो आणि आवाज कायम चुंबकाच्या स्पीकरमधून काढता येतो.

तसे काही मिळाले नाही, आणि बहुधा मिळत नाहीच, तर चोक आणि रेझिस्टर मालिकेत घालणे हा माझ्या मते सर्वांत उत्तम मार्ग आहे. १० हेन्री, १०० मिलिअँपिअरचा चोक घ्यावा. त्याचा डीसी रेझिस्टन्स २५० ओहम असेल तर १,४०० मधून तेवढे वजा करून १,१५० ओहमच्या जवळचा वायरवाउंड रेझिस्टर त्याच्या मालिकेत घालावा. नुसता चोक घालणे ही अर्धवट दुरुस्ती आहे. हमिंग जाते म्हणून सगळे ठीक वाटते, पण एचटी साठ-सत्तर व्होल्टने वर राहते आणि महिन्याभरात आउटपुट व्हॉल्व्ह किंवा एखादा कपॅसिटर तक्रार करतो.

केवळ रेझिस्टर घालूनही काम भागते, पण त्याची भरपाई दुसऱ्या कपॅसिटरमध्ये करावी लागते. मेन्स ५० हर्ट्झचे असेल तर पूर्ण-लहर रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची असते. त्या वारंवारतेला १० हेन्रीचा चोक सुमारे ६,२८० ओहम अडथळा करतो आणि ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे २०० ओहम, म्हणजे लहर जवळपास एकतिसाव्या हिश्श्यावर येते. त्याच कपॅसिटरसमोर १,००० ओहमचा रेझिस्टर ठेवला तर ती फक्त पाचव्या हिश्श्यावर येते आणि हाच फरक हमिंग म्हणून कानाला ऐकू येतो. दुसरा कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा केला की त्याचा अडथळा ३४ ओहमवर उतरतो आणि १,००० ओहमच्या रेझिस्टरनेही लहर एकोणतिसाव्या-तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे मूळ चोकच्या अगदी जवळ. मोठा करायचा तो दुसराच कपॅसिटर. पहिला मूळच्या ८ ते १६ मायक्रोफॅरडवरच ठेवावा, कारण त्याला भरणारा शिखर प्रवाह रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून जातो आणि ८० किंवा ५वाय३ यांना तो सोसत नाही. 'मोठा कपॅसिटर म्हणजे कमी हमिंग' या समजुतीने पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड घालून रेक्टिफायर पुन्हा पुन्हा घालवणारे संच पाहण्यात येतात.

दोन्ही कपॅसिटर किमान ४५० व्होल्टचे, शक्य तर ५०० व्होल्टचे असावेत. दुसऱ्यावर चालू स्थितीत २६५ व्होल्टच असतात हे खरे, पण ८० किंवा ५वाय३ लगेच तापते आणि बाकीच्या व्हॉल्व्ह उशिरा तापतात. तेवढ्या काळात प्रवाह नसल्याने रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही आणि दुसऱ्या कपॅसिटरलाही पहिल्याइतकाच ताण बसतो. रेझिस्टर उष्णतेच्या दुप्पट ते तिप्पट वॅटचा, म्हणजे येथे १० ते १५ वॅटचा घ्यावा. मोठ्या वॅटचा रेझिस्टर घेतल्याने उष्णता कमी होत नाही, फक्त ती मोठ्या पृष्ठभागावर पसरते. म्हणून तो मेणाच्या कपॅसिटरांपासून, तारांच्या जुन्या रबरापासून आणि कॅबिनेटच्या लाकडापासून दूर, हवा खेळेल अशा जागी बसवावा.

ऋण बाजूच्या टॅप असलेल्या कॉइलची जागा दोन रेझिस्टरांनी घ्यावी. वरच्या उदाहरणात ३०० आणि १,५०० ओहम मालिकेत, त्यांच्या जोडापासून बायसची तार आणि ३०० ओहमचे दुसरे टोक चॅसीकडे, कारण बायस चॅसीच्या तुलनेत १६.५ व्होल्ट हवे असते. आपल्या संचात टॅप कोणत्या बाजूला होता हे बायसची तार पाहून निश्चित करावे. ते उलटे झाले तर ग्रिडवर ऐंशी-ब्याऐंशी व्होल्ट ऋण जातात, व्हॉल्व्ह पूर्ण बंद पडते आणि रेडिओ मुका होतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर

व्हॉल्व्हच्या प्लेटला हजारो ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा असतो. स्पीकर थेट प्लेट आणि एचटी यांच्यामध्ये जोडला तर आवाज जवळपास येत नाहीच, शिवाय स्पीकरच्या तारांवर पूर्ण एचटी उभी राहते, म्हणून असा प्रयोग कधीही करू नये. २५० व्होल्टवर एकट्या ६व्ही६ ला ५,००० ओहम, ६एफ६, ४२, २ए५ आणि ४७ यांना ७,००० ओहम, ४१ आणि ६के६ यांना ७,६०० ओहम, ईएल८४ ला ५,२०० ओहम आणि २ए३ या ट्रायोडला २,५०० ओहम भार दिला जातो. एसी-डीसी संचातील ५०एल६ ला ११० व्होल्टवर २,००० ओहम पुरतात. दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. पण जुन्या ३.२ ओहमच्या सेकंडरीवर ८ ओहमचा स्पीकर जोडला तर ७,००० ओहमच्या जागी व्हॉल्व्हला १७,५०० ओहम दिसतात आणि पेंटोडचा आवाज लवकर फाटतो. ४ ओहमचा जोडला तर ८,७५० ओहम दिसतात आणि ते चालून जाते.

हाताशी असलेल्या अनोळखी ट्रान्सफॉर्मरचे मूल्य काढणे सोपे आहे. त्याच्या प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्यावा आणि सेकंडरीवरचे व्होल्टेज मोजावे. ते ०.२९ व्होल्ट आले तर वेढ्यांचे गुणोत्तर ४१ च्या थोडे वर आहे, त्याचा वर्ग सुमारे १,७१२ आणि ४ ओहमच्या स्पीकरने गुणले की ६,८५० ओहम, म्हणजे ६एफ६ साठी योग्य. ही चाचणी उलट बाजूने, म्हणजे सेकंडरीला एसी देऊन करू नये. सहा व्होल्ट दिले तरी प्रायमरीवर अडीचशेच्या आसपास व्होल्ट उभे राहतात.

योग्य ट्रान्सफॉर्मर मिळत नसेल तर ध्वनिवर्धकांच्या लाइन ट्रान्सफॉर्मरचा पर्याय आहे. १०० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरवर १ वॅटचा टॅप म्हणजे १०,००० ओहम आणि २ वॅटचा टॅप म्हणजे ५,००० ओहम. ७० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरवर १ वॅटचाच टॅप ५,००० ओहमचा असतो. अडचण अशी की त्याच्या गाभ्यात हवेची फट नसते आणि एकट्या आउटपुट व्हॉल्व्हचा ३५-४५ मिलिअँपिअर डीसी त्याचा गाभा संपृक्त करतो, त्यामुळे खर्ज निघून जातो. १० वॅट किंवा त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याचे लहान टॅप वापरले तर हा दोष सुसह्य होतो. छोटा पॉवर ट्रान्सफॉर्मर उलटा लावण्याचा सल्लाही दिला जातो. चाचणीच्या टेबलापुरता तो ठीक आहे, कॅबिनेटमध्ये तो कायमचा बसवू नये.

स्पीकर आणि त्याची बैठक

या रेडिओंची आउटपुट शक्ती ३ वॅटच्या आसपास असते, म्हणून आजचा जड रबरी कडेचा वूफर येथे निरुपयोगी ठरतो. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला ९६ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी दहापट शक्ती लागते. शिवाय असे वूफर बंद खोक्यासाठी बनवलेले असतात आणि रेडिओचे कॅबिनेट मागून उघडे असते. हलका कागदी कोन आणि कागदाचीच किंवा कापडी कड असलेला, ९३ डेसिबलच्या वरचा स्पीकर शोधावा. जुन्या रेडिओ-टीव्हीतले आणि गिटार ॲम्प्लिफायरचे काही स्पीकर या कामाला चांगले पडतात.

बॅफलला नवी भोके पाडू नयेत. मूळ स्क्रूंच्या जागी बसेल अशी प्लायवुडची कडी कापून नवा स्पीकर तिच्यावर बसवावा आणि मध्ये पातळ फेल्ट द्यावे. स्क्रूची लांबी आधी मोजावी, कारण समोरच्या जुन्या कापडाला टोक लागले तर ती हानी भरून येत नाही. चुंबकाची खोलीही चॅसीपर्यंत मोजून घ्यावी; फेराइटचे रुंद चुंबक पुष्कळदा व्हॉल्व्हवर येऊन टेकते.

पहिल्यांदा चालू करताना

सर्व व्हॉल्व्ह जागेवर आणि स्पीकर जोडलेला ठेवून, मेन्सच्या मालिकेत ६० वॅटचा फिलामेंटचा जुना बल्ब लावून सुरुवात करावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जावे, प्रखरच राहिला तर थांबावे. व्होल्टेजची मोजमापे मात्र बल्ब काढल्यावरच घ्यावीत. घातलेल्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज त्याच्या ओहमने भागले की संचाचा प्रवाह कळतो. अंदाज ६० मिलिअँपिअरचा असताना ८५ दिसले तर दोष बहुधा आउटपुट व्हॉल्व्हच्या आसपास आहे. तिच्या ग्रिडला जाणारा जुना कागदी कपलिंग कपॅसिटर गळत असेल तर ग्रिडवर काही व्होल्ट धन चढतात आणि नवा स्पीकर, नवा रेझिस्टर सगळे निर्दोष असूनही प्लेट लाल होते. हा एक कपॅसिटर न मोजता बदलून टाकावा.

एवढे करूनही हमिंग उरले तर त्याचा स्वर ऐकावा. पूर्ण-लहर रेक्टिफायरच्या संचात ते १०० हर्ट्झचे असेल तर फिल्टरकडे पाहावे. ५० हर्ट्झचे, म्हणजे त्याहून एक सप्तक खालचे असेल तर एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटर-कॅथोडमधील गळती किंवा अर्थिंग तपासावे. व्हॉल्यूम शून्यावर असताना आणि आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड कपॅसिटरमधून चॅसीला जोडूनही हमिंग येत असेल, आणि फिल्टर मोजून बरोबर निघाला असेल, तर नव्या चोकचे चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरत असते. दोघांपैकी एक काटकोनात फिरवून पाहिला की फरक लगेच कळतो. फील्ड कॉइलच्या मूळ स्पीकरमध्ये व्हॉइस कॉइलच्या मालिकेत हमिंग मारणारी काही वेढ्यांची छोटी कॉइल असे. कायम चुंबकाच्या स्पीकरला तिची गरज नाही, म्हणून आकृतीत दिसली तरी ती शोधत बसू नये.

आणि चालू करताच रेडिओ कर्कश शिट्टी घालू लागला, तर सेकंडरीवरून मागच्या टप्प्याकडे ऋण फीडबॅकची तार जाते का हे पाहावे. जात असेल तर नव्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन तारा उलट लागलेल्या आहेत. वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे करून त्या अदलाबदल केल्या की शिट्टी थांबते. फीडबॅक नसलेल्या, एकच स्पीकर असलेल्या संचात या तारा कशाही लागल्या तरी चालतात.